मोटारीच्या दाराचा चटका : प्रभार ‘निर्माण’ होतो की फक्त हात बदलतो?

पाचवी गल्ली | १७ फेब्रुवारी, रात्री ९.४०
गेल्या पंधरा दिवसांत माझ्या मोटारीच्या दाराने मला नऊ वेळा चटका दिला आहे. आकडा माझ्या लक्षात राहिला तो सातवीतल्या मुलामुळे. तो पलीकडच्या बाजूने उतरतो, माझे ‘आई गं’ ऐकतो आणि पुढचा आकडा मोठ्याने म्हणतो. परवा त्याच्याच वहीत एक वाक्य वाचले : ‘दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की घर्षणाने विद्युतप्रभार निर्माण होतो.’ मी हिशेबाच्या व्यवसायातला माणूस आहे. एखादी गोष्ट नुसतीच ‘निर्माण झाली’ असे कोणी सांगितले की, जमेच्या समोरची नावे बाजू कुठे आहे, हे मी आधी शोधतो. शिवाय मी आसनावर फक्त बसतो आणि उठतो. घासण्यासारखे तिथे काहीच करत नाही. मोटार हीच, दार हेच आणि मीही तोच असूनसुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये एकदाही चटका बसल्याचे आठवत नाही, हे तर मुळीच उमगत नाही. जाणकारांनी समजावून सांगावे.

पांढरा रस्सा | १७ फेब्रुवारी, रात्री ९.५२
नऊ चटके खाऊनही मोटार विकली नाहीत, यावरून तिच्यावरील आपले प्रेम सिद्ध होते. पुढील चर्चा जाणकारांनी करावी.

शंकासुर | १७ फेब्रुवारी, रात्री १०.१५
यात न उमगण्यासारखे काय आहे? मोटार धावते, तिच्या पत्र्यावर हवा घासते, खाली रबराचे टायर असल्यामुळे प्रभार जमिनीत जाऊ शकत नाही आणि तुम्ही हात लावला की तो तुमच्यातून जातो. टँकरच्या मागे साखळी लोंबकळताना आपण सर्वांनी पाहिली आहे. तशीच एक बसवून घ्या.

धोटा | १७ फेब्रुवारी, रात्री ११.०५
मी इचलकरंजीचा, आणि हा प्रश्न आमच्या दोन पिढ्यांनी दररोज हाताळलेला आहे. वडिलांच्या काळी आमच्या कारखान्यात केवळ सुती कापड निघत असे. त्या वेळी उन्हाळ्यात सूत तुटते, एवढीच तक्रार असायची. मी पॉलिस्टरचा ताणा (मागावरचे उभे धागे) चढवला तेव्हा खरा खेळ कळला. फेब्रुवारीत दुपारी दोनच्या सुमारास मागासमोर उभे राहून बीमवर (ताणा गुंडाळलेल्या रुळावर) हात धरला, तर मनगटावरचे केस सरळ उभे राहतात. ताण्याचे धागे समांतर राहायचे सोडून एकमेकांपासून फाकतात, सुटे तंतू कुसळांसारखे बाहेर येतात आणि फणीत अडकून तुटतात. गुंडाळलेल्या कापडाजवळ बोट नेले की ‘चट्’ असा आवाज होतो. यात कुठेही टायर नाहीत आणि आमचे माग जमिनीत बोल्टने आवळलेले आहेत. तेव्हा शंकासुर यांची टायरची उपपत्ती आमच्या कारखान्यात तरी लागू पडत नाही.

पाणी मारणे हा आमचा जुना उपाय. जमिनीवर पाणी शिंपडायचे आणि ऐपत असेल तर आर्द्रता राखणारी यंत्रणा बसवायची. आर्द्रता वाढली की धागे शहाण्यासारखे वागतात. याचे शास्त्र मात्र मला कोणी नीट सांगितलेले नाही, म्हणून मीही हा धागा धरून बसतो. (धागा धरून बसणे हा तसा आमचा व्यवसायच आहे.)

इलेक्ट्रॉनचा भाऊ | १८ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
पाचवी गल्ली, आपली जमा-नाव्याची शंका शंभर टक्के रास्त आहे आणि भौतिकशास्त्र आपल्या बाजूचे आहे. प्रभार निर्माण होत नाही, तो विलग होतो. प्रत्येक अणूत धनप्रभारित केंद्रक आणि ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची बेरीज शून्य असते. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाच्या पृष्ठभागावरील थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. वस्तू दूर केल्या की एकीकडे जितके जास्त झाले, दुसरीकडे बरोबर तितकेच कमी पडलेले असते. केसांतून फिरवलेला कंगवा ऋण होतो आणि केस तितकेच धन होतात. केस एकमेकांपासून दूर पळून उभे राहतात ते सर्वांवर एकाच जातीचा प्रभार असल्यामुळे. धोटा यांचे धागे फाकतात तेही त्याचमुळे.

ही उलाढाल किती मोठी असते, हेही पाहण्यासारखे आहे. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार सुमारे १.६ × १०⁻¹⁹ कूलोम. वस्तूवर ०.१ मायक्रोकूलोम प्रभार आहे असे धरले तर तिच्याकडे सुमारे ६२,५०० कोटी इलेक्ट्रॉन जादा आले. आकडा अवाढव्य वाटतो. परंतु हवेत ठिणगी न पडता पृष्ठभागावर जास्तीत जास्त किती प्रभार साठू शकतो याचा हिशेब केला, तर ढोबळमानाने पृष्ठभागावरील लाखभर अणूंमागे एखाद-दुसराच इलेक्ट्रॉन इकडचा तिकडे झालेला असतो. वहीखात्यात ही रक्कम किरकोळ खर्चात टाकावी लागेल.

आता आसनाबद्दल. घासणे ही अट नाहीच. स्पर्श आणि ताटातूट या दोन गोष्टी पुरेशा आहेत. आपल्या विजारीचे कापड आणि आसनाचे कापड अर्धा तास एकमेकांना चिकटून असतात आणि आपण उतरताना ती झटक्यात विलग होतात. एक बाजू आसनावर राहते, दुसरी आपल्यासोबत बाहेर येते. रबरी तळव्याचे बूट घातलेले असल्यामुळे ती जमिनीत जात नाही. मग आपण दाराच्या पत्र्याला बोट लावता. प्रभारित असता ते आपण, मोटार नव्हे. टायरमध्ये काजळी मिसळलेली असल्याने बहुतेक टायर अगदी विद्युतरोधक नसतातच.

शंकासुर | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
घासण्याची गरज नसेल तर शाळेत आम्हाला कंगवा डोक्यावर अर्धा तास का घासायला लावला? की ती फक्त शिक्षा होती?

इलेक्ट्रॉनचा भाऊ | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.२५
घासण्याचा उपयोग निश्चित होतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग टेकवले तरी प्रत्यक्षात ते उंचवट्या-उंचवट्यांवरच भेटतात; घासल्याने नवनवे ठिपके एकमेकांना टेकतात आणि सुटतात. म्हणजे घर्षण हा व्यवहार वाढवणारा दलाल आहे, व्यवहार स्पर्शाचाच.

खडू आणि फळा | १८ फेब्रुवारी, दुपारी १.४५
मी पन्हाळा तालुक्यातील शाळांत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. तेव्हाच्या अभ्यासक्रमात हा धडा नेमका पावसाळ्यात यायचा. एका वर्षी जुलैत तपासणीसाठी साहेब आले असताना मी कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरला आणि एकही कपटा हलला नाही. पुन्हा घासला, तरी काही नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, मंत्र विसरलात काय?’ साहेबसुद्धा हसले. त्यानंतर मी पावसाळ्यात हा प्रयोग करायचा झाला तर कंगवा, लोकरीचा तुकडा आणि कपटे हे सर्व आधी पोषण आहाराच्या चुलीजवळ शेकून घेत असे, आणि मग पन्हाळ्याच्या धुक्यातही कपटे उडत.

शंकासुर यांच्यासाठी एक असा प्रयोग सांगते, ज्यात घासणे अजिबात नाही. साधी पारदर्शक चिकटपट्टी घ्यावी आणि वीतभर लांबीचे दोन तुकडे टेबलावर शेजारी-शेजारी चिकटवावेत. धरण्यासाठी प्रत्येकाचे एक टोक दुमडून ठेवावे. दोन्ही तुकडे झटकन ओढून काढावेत आणि लोंबकळत ठेवून एकमेकांजवळ आणावेत. ते एकमेकांना दूर ढकलतात, कारण दोघांनी टेबलाशी एकच व्यवहार केलेला असतो. आता एका तुकड्यावर दुसरा चिकटवून ही जोडी टेबलावर लावावी, जोडी एकत्रच उचलावी, दोन्ही बाजूंनी तिच्यावरून बोट फिरवावे म्हणजे जोडीवरचा शिलकी प्रभार निघून जाईल, आणि मग दोन तुकडे एकमेकांपासून सोलावेत. आता ते एकमेकांकडे धावतात. ज्या दोघांनी आपसांत देवघेव केली त्यांच्यापैकी एकाकडे जमा आणि दुसऱ्याकडे नावे असणारच.

जाईजुई | १८ फेब्रुवारी, दुपारी ३.२०
बाई, एक शंका. कागदाच्या कपट्याला कोणी घासलेले नसते आणि कशापासून सोललेलेही नसते. त्याची जमा-नावे बाजू शून्य असताना तो कंगव्याकडे का जातो?

खडू आणि फळा | १८ फेब्रुवारी, दुपारी ४.०५
बेरीज शून्य असते, पण मांडणी बदलते. ऋण कंगवा जवळ आला की कपट्यातील ऋणप्रभार किंचित मागे सरकतो आणि कंगव्याकडील बाजू किंचित धन होते. धन बाजू जवळ आहे म्हणून तिच्यावरील ओढ जास्त, ऋण बाजू लांब आहे म्हणून तिच्यावरील ढकल कमी. उरलेल्या फरकावर कपटा उडतो. कंगव्याला टेकलेला एखादा कपटा काही क्षणांनी ताडकन दूर फेकला जातो, तोही पाहावा. त्याला कंगव्याचाच प्रभार मिळालेला असतो. वर्गात मुले याच क्षणी सर्वांत मोठ्याने ओरडत.

पांढरा रस्सा | १८ फेब्रुवारी, दुपारी ४.३०
जवळ बोलावून, आपल्यासारखे करून मग हाकलून देणे हा प्रकार मी काही राजकीय पक्षांत पाहिलेला आहे. विषयांतराबद्दल क्षमस्व.

धोटा | १८ फेब्रुवारी, रात्री १०.४०
पावसाळ्याचे उत्तर अजून आले नाही. माझी समजूत अशी की, दमट हवा विजेची वाहक असते, म्हणून प्रभार हवेतून निघून जातो. हे बरोबर आहे का?

इलेक्ट्रॉनचा भाऊ | १८ फेब्रुवारी, रात्री ११.२०
ही समजूत जवळजवळ सर्वांची असते आणि ती चुकीची आहे. हवेत मिसळलेली पाण्याची वाफ वाहक नसते. दमट दिवसांत वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. त्यात क्षार विरघळलेले असतात आणि प्रभार त्या थरावरून घसरत निघून जातो. म्हणून बाईंना हवा बदलावी लागली नाही, कंगवा आणि कपटे शेकणे पुरले.

आपल्या सूत आणि पॉलिस्टरमधला फरकही इथेच आहे. प्रमाणित स्थितीत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी हवेतून शोषून धरतो. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. सुताच्या अंगात स्वतःचा ओलावा असतो, पॉलिस्टरला तो बाहेरून पांघरावा लागतो.

धोटा | १८ फेब्रुवारी, रात्री ११.४५
आठ आणि शून्य दशांश चार! वडिलांचे सूत का त्रास देत नव्हते, हे आज कळले. पॉलिस्टरच्या धाग्याला गिरणीतच एक प्रकारचे तेल लावलेले येते. ते कमी पडलेला माल आला की, त्या दिवशी कामगार बीमला हात लावायला तयार नसतात. त्या तेलाचे कामही आता लक्षात आले.

भट्टीवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ६.५०
आपण सगळे या प्रभाराला हाकलायच्या मागे आहात. माझे पोट त्याच्यावर चालते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझे पावडर कोटिंगचे छोटे युनिट आहे. ओल्या रंगाऐवजी आम्ही पिठासारखी कोरडी पावडर फवारतो. गनच्या टोकाशी कित्येक दशसहस्र व्होल्टचा दाब असतो. तिथून जाताना पावडरीचा कण प्रभारित होतो आणि अर्थिंग केलेल्या सुट्या भागाकडे स्वतःहून ओढला जातो. समोरून फवारले तरी पावडर वळसा घेऊन पाइपच्या मागच्या बाजूवरही बसते. नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी तो मागे जाऊन बघतोच. नंतर भाग ओव्हनमध्ये १८० ते २०० अंश सेल्सियसला भाजला की पावडर वितळून एकसंध थर होतो.

आता आमचे दुखणे. भाग ज्या हुकाला टांगतो, त्या हुकावर दर खेपेला थोडी पावडर भाजली जाते. पाच-दहा खेपांनी हुकाला प्लास्टिकचे जाड कातडे चढते आणि भाग व जमीन यांचा संबंध तुटतो. मग भागावर प्रभार साठत जातो आणि तो पुढच्या पावडरीला ढकलू लागतो. एकदा एका गिऱ्हाइकाचे चाळीस ब्रॅकेट मी असे वाया घालवले. पावडरला दोष दिला, गनवाल्याला बोलावले, कॉम्प्रेसरमध्ये पाणी आहे का पाहिले. शेवटी भट्टीवरच्या म्हाताऱ्या कामगाराने कानशीने एक हुक घासून दाखवला आणि पावडर बसली. आजही खोल कोपऱ्यांत पावडर नीट पोहोचत नाही, कारण विद्युतक्षेत्र आत शिरत नाही. ती कडांवरच गर्दी करते. तिथे व्होल्टचा दाब कमी करून हातानेच सावकाश फवारावे लागते.

सोल्डर | १९ फेब्रुवारी, सकाळी ९.१५
मोबाइल दुरुस्त करतो. ग्राहक विचारतात की, मनगटाला ही वायर कशासाठी बांधता? माणसाला साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा चटका जाणवतच नाही, आणि काही चिप शंभरभर व्होल्टनेही मरतात. म्हणजे तुम्हाला काहीही न कळता तुम्ही चिप मारलेली असते. मनगटपट्टीत एक मेगाओहमचा रोधक असतो. प्रभार सावकाश जातो आणि चुकून घरगुती विजेशी संबंध आला तरी माणूस वाचतो.

एक महत्त्वाचे : इथे वाचून कोणी फ्रिजचा किंवा गिझरचा झटका ‘स्थितिक विद्युत’ समजून सोडून देऊ नये. स्थितिक विद्युतेचा चटका एकदाच बसतो आणि संपतो. हात ठेवल्यावर सलग मुंग्या येत असतील, अनवाणी असताना जास्त येत असतील, तर ती गळती आहे. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे.

दूधगंगा | १९ फेब्रुवारी, सकाळी १०.३०
माझ्या मेहुण्यांनी तांब्याचे कडे घातल्यापासून त्यांना चटके बसणे बंद झाले आहे. अनुभव आहे, म्हणून सांगतो.

शंकासुर | १९ फेब्रुवारी, सकाळी १०.३८
कडे कोणत्या महिन्यात घातले?

दूधगंगा | १९ फेब्रुवारी, सकाळी १०.५५
जूनमध्ये. आले लक्षात.

जाईजुई | १९ फेब्रुवारी, दुपारी २.१०
पेट्रोल पंपावर मोबाइल बंद करायला सांगतात. या चटक्याबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. त्यानेही पेट्रोल पेटू शकते का?

इलेक्ट्रॉनचा भाऊ | १९ फेब्रुवारी, दुपारी ३.००
पेटू शकते. माणसाचे शरीर विद्युतसंग्राहक म्हणून पाहिले तर त्याची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) १०० ते २०० पिकोफॅरड असते. शरीर ५,००० व्होल्टपर्यंत चढले तर ठिणगीत दोन मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. पेट्रोलच्या वाफेचे योग्य मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूलही पुरते. टँकर खाली करताना आधी अर्थिंगची क्लिप लावतात ती याचसाठी. कॅनमध्ये पेट्रोल घ्यायचे झाल्यास कॅन मान्यताप्राप्त असावा आणि तो डिकीत किंवा दुचाकीच्या पायठाणावर न ठेवता जमिनीवर ठेवून भरावा.

पाचवी गल्ली यांच्यासाठीही सोपा उपाय आहे. आसनावरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू पकडावा आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नये. विलग होणारा प्रभार तेव्हाच्या तेव्हा निघून जातो. विसरलात तर बोटाऐवजी मुठीत घट्ट धरलेल्या किल्लीचे टोक पत्र्याला लावा. ठिणगी पडेल, पण ती किल्लीवर. हातात प्रवाह मोठ्या भागावर पसरत असल्यामुळे दुखत नाही.

शंकासुर | १९ फेब्रुवारी, रात्री ९.००
टायर आणि साखळी मी मागे घेतो. पण एक अडचण राहतेच. दोन वेगळ्या पदार्थांपैकी कोणी इलेक्ट्रॉन द्यायचे आणि कोणी घ्यायचे, हे कोण ठरवते? आणि दोन्ही वस्तू एकाच पदार्थाच्या असतील तर?

इलेक्ट्रॉनचा भाऊ | १९ फेब्रुवारी, रात्री १०.१०
आता आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. पदार्थांची एक अनुभवसिद्ध क्रमवारी आहे : काच, केस, नायलॉन, लोकर हे धन टोकाकडे, तर पीव्हीसी आणि टेफ्लॉन ऋण टोकाकडे. दोन प्रकारची वीज असते, हे फ्रान्सच्या द्यु फे यांनी १७३३ मध्ये दाखवले. धन आणि ऋण ही नावे पुढे अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी रूढ केली, तीही इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. त्यांचा कौल उलटा पडला, म्हणून ज्याला इलेक्ट्रॉन मिळाले त्याला आपण आजही ‘ऋण’ म्हणतो. पाचवी गल्ली यांना हे पटणार नाही, पण इलाज नाही.

धातूंच्या बाबतीत हा व्यवहार चांगला समजला आहे. प्लास्टिकसारख्या विद्युतरोधकांत नेमके काय सरकते, इलेक्ट्रॉन, आयन (प्रभारित अणू-रेणू) की पदार्थाचे सूक्ष्म कणच, यावर संशोधकांत आजही वाद आहे. २०११ मध्ये असे दिसून आले की, प्रभारित पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसतो. त्यावर धन-ऋण ठिपक्यांची गोधडी असते आणि आपण मोजतो ती तिची निव्वळ शिल्लक. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी एकाच प्रकारच्या सिलिकॉन रबराचे तुकडे एकमेकांना पुनःपुन्हा टेकवले. सुरुवातीला कोण धन होईल याचा नेम नव्हता. सुमारे दोनशे स्पर्शांनंतर मात्र तुकड्यांची आपोआप क्रमवारी लागली, आणि ज्याने जास्त स्पर्श अनुभवले होते तो कमी स्पर्श झालेल्याच्या तुलनेत ऋण होऊ लागला.

पांढरा रस्सा | १९ फेब्रुवारी, रात्री १०.२२
म्हणजे रबरालाही अनुभव नडतो.

पाचवी गल्ली | २१ फेब्रुवारी, रात्री ८.३०
दोन दिवसांचा अहवाल देतो. दाराची चौकट धरून उतरलो; सहा वेळांत एकदाही चटका नाही. सातव्यांदा फोन आला म्हणून विसरलो आणि मुलाने ‘दहा’ असे जाहीर केले.

बाईंचा चिकटपट्टीचा प्रयोग जेवणाच्या टेबलावर केला. दोन्ही निकाल बाईंनी सांगितले तसेच आले. मग मुलाने तेच तुकडे अंघोळीनंतरच्या वाफाळलेल्या न्हाणीघरात नेले. मिनिटभरात ते मलूल होऊन लोंबकळू लागले. त्याने वहीतील ‘निर्माण होतो’ खोडून ‘विलग होतो’ असे लिहिले आहे आणि समासात ‘जमा = नावे’ असा शेराही मारला आहे. टेबलावर चिकटपट्टीचे अकरा डाग पडले असून ते कशाने जातात, हा माझा पुढील प्रश्न असेल. पण त्यासाठी सौभाग्यवतींनी वेगळा धागा काढायला सांगितले आहे.

खडू आणि फळा | २१ फेब्रुवारी, रात्री ९.०५
खोबरेल तेल लावून दहा मिनिटे ठेवावे. चिरंजीवांना शाबासकी सांगावी.

धोटा | २१ फेब्रुवारी, रात्री ११.३०
बाई, शेवटचे एक. माझ्या ताण्यावरचा प्रभार धन आहे की ऋण, हे घरगुती साधनांनी कळेल का?

खडू आणि फळा | २२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५
कळेल. चॉकलेटच्या चांदीची हरभऱ्याएवढी गोळी करून कोरड्या, बारीक नायलॉनच्या दोऱ्याला टांगावी. वायरिंगचा पीव्हीसी पाइप लोकरीने घासला की तो ऋण होतो. तो गोळीला टेकवावा म्हणजे गोळीही ऋण होईल आणि पाइपापासून दूर पळेल. मग ती ताण्याजवळ न्यावी. ओढली गेली तर निष्कर्ष काढू नये, कारण प्रभार नसलेली वस्तूही ओढते. दूर ढकलली गेली, तरच ताणा ऋण आहे असे खात्रीने म्हणता येईल.

धोटा | २२ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
चार मागांवर करून पाहिले. चारही ठिकाणी गोळी दूर ढकलली गेली. पाइप आणि लोकरीचा मफलर आता जॉबरने (मागांवर देखरेख करणाऱ्याने) स्वतःच्या खणात कुलूप लावून ठेवला आहे.